उजवा हात थांबला, डावा लिहिता झाला

जोतीराव फुले म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? भिडेवाडा, १८४८ साल, मुलींची शाळा, सोबत सावित्रीबाई. परीक्षेत प्रश्नही यावरच येतात. पण त्यांची शेवटची सव्वादोन वर्षं बहुतेक वेळा दोन ओळींत उरकली जातात. तुम्ही फिजिओथेरपी शिकत असाल, इंटर्नशिपमध्ये पक्षाघातानंतर घराबाहेर चालण्यावर प्रोजेक्ट करणार असाल, किंवा घरात आजोबांना लकवा मारलेला असेल, तर ही सव्वादोन वर्षं तुमच्यासाठी फार मोलाची आहेत.

पायाला भिंगरी

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. तरुणपणी लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकून कमावलेलं शरीर. पुढे पोटापाण्यासाठी बांधकामाची कंत्राटं घेतली. कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचं धरण, येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. सणसवाडीहून नगर रोडनं पुण्यात शिरताना येरवडा लागतं, तेव्हा एकदा आठवा! मांजरीला त्यांची शेती होती. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेत काम पाहिलं. १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ तर बांधावर पाय ठेवल्याशिवाय लिहिताच आला नसता. थोडक्यात, या माणसाची सगळी कामं उंबऱ्याबाहेरची.

मग आलं १८८८ साल. मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या समारंभाला जोतीराव मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राणीच्या मुलाला रयतेचे हाल ऐकवले. ११ मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. आणि जुलैमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. वय ६१.

हाताशी काय होतं?

आज झटका आल्यापासून साडेचार तासांत हॉस्पिटल गाठलं, तर काही पेशंटना रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. तेव्हा असलं काही नव्हतं. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र आलं १८९६ मध्ये. मुंबईच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू व्हायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. जोतीरावांजवळ होते चळवळीतले सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले, आणि घरात सावित्रीबाई.

उपचारांनी तब्येत थोडी सावरली, उजवा हात मात्र पुन्हा लिहिता झाला नाही. पण मनात एक पुस्तक होतं. माणसानं माणसाशी कसं वागावं, बाई आणि पुरुष यांचे हक्क सारखे का, हे सगळं एकदा नीट मांडायचं होतं. मग त्यांनी लेखणी डाव्या हातात धरली. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ असं लिहिलं गेलं आणि १८८९ मध्ये पूर्ण झालं.

हे किती अवघड, ते बघायचंय? तुम्ही उजवे असाल तर आत्ता डाव्या हातानं दहा ओळी लिहा. आणखी एक गोष्ट. उजवी बाजू जाते तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या भागात झालेली असते, आणि बहुतेकांच्या भाषेचा कारभार तिथूनच चालतो. अशा पेशंटना शब्द सापडत नाहीत, हे तुम्ही वॉर्डात पाहिलं असेल. अशा झटक्यानंतर जोतीरावांनी अख्खं पुस्तक लिहिलं.

आजारपणातच, ४ फेब्रुवारी १८८९ रोजी, दत्तक मुलगा यशवंत याचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं झालं. मुलगी हडपसरच्या ससाण्यांची. पैशाची ओढाताण मात्र वाढत गेली. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे मदतीसाठी शब्द टाकला. तेव्हा कमावता माणूस आजारी पडला की घराचं गणित कोलमडायचं, आणि आजही कोलमडतं. घरी गेल्यावर पेशंटचा व्यायाम का बंद पडतो, याचं उत्तर अनेकदा रिक्षाच्या भाड्यात आणि बुडालेल्या रोजात सापडेल.

जोतीरावांच्या वीस वर्षं आधी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांना असाच झटका आला होता. १८६८ साल, वय ४५, डावी बाजू. काही महिन्यांतच ते रेशमाच्या किड्यांच्या रोगावरचं काम पुढे न्यायला दक्षिण फ्रान्समध्ये हजर झाले. लंगडणं जन्मभर राहिलं, पण रेबीजची लस त्यानंतरची, १८८५ ची. दोघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी होती. शरीर अधू झालं तरी पुढचं काम ठरलेलं होतं.

आता तुमचा प्रोजेक्ट

डिपार्टमेंटमध्ये तुम्ही काय करता? फरशीवर दहा मीटरची पट्टी आखता, स्टॉपवॉच लावता. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असला तर पेशंट घरापुरता चालणारा, ०.८ च्या पुढे गेला तर बाहेर मोकळेपणानं फिरू शकणारा, असा साधारण हिशोब धरतात. आकडा हवाच. पण फरशी म्हणजे सणसवाडी नाही. इथे बाहेर पडलं की हायवे, कंटेनर, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी, साइडपट्टीवरची खडी. पंजा नीट उचलत नसेल तर एक खडाही पुरतो. ०.४ च्या वेगानं वीस मीटर रुंद रस्ता ओलांडायला ५० सेकंद लागतात. तेवढा वेळ कोण थांबतं?

शिवाय लोक बघतात. पाय घासत चालणाऱ्या माणसाकडे चौकात सगळ्यांच्या नजरा वळतात, आणि ज्याला घरात चालता येतं तोही मग ओट्याच्या पुढे जात नाही. हे स्टॉपवॉचमध्ये येत नाही. त्यासाठी पेशंटच्या शेजारून, त्याच्या वेगानं, खऱ्या रस्त्यावर चालावं लागतं. आधी गाईडला विचारा, पेशंटची परवानगी घ्या, अशक्त बाजूला उभे राहा, गर्दीची वेळ टाळा. कुठे थांबला, कशाला बिचकला, कुठून परत फिरला, ते लिहून ठेवा.

आणि सगळ्यात आधी त्याला कुठं जायचंय ते विचारा. देवळात, शेतावर, भाजी आणायला, की कंपनीच्या गेटवर जुन्या दोस्तांना भेटायला. जे जमवायचंय त्याचाच सराव पुन्हा पुन्हा करायचा, हे तत्त्व तुम्ही वर्गात शिकलात. आज कुठलाही फिजिओ जोतीरावांना उजव्या हाताचा नाद सोडू देणार नाही. पण व्यायाम कशासाठी करायचा, हे पेशंटकडूनच यायला हवं. जोतीरावांना पुस्तक पुरं करायचं होतं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून पुढे चालल्या. पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं. वडिलांचं हे आजारपण घरात राहून पाहिलेला यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये हडपसरच्या बाजूला रोग्यांसाठी उभा राहिला. तुमच्या इंटर्नशिपचे महिने भराभर जातील. त्यात एका जरी पेशंटला ओट्यापासून त्याला हव्या त्या जागेपर्यंत नेऊन परत आणलंत, तरी प्रोजेक्टचं सार्थक झालं म्हणा.