पोथीतला प्रलय आणि मातीतला पूर : डॉ. ह. धी. सांकलिया

जलप्रलयाची कथा जगातल्या बहुतेक जुन्या समाजांजवळ आहे. बायबलात नोहा आणि त्याची नौका आहे. आपल्याकडे शतपथ ब्राह्मणात मनू आहे, त्याला सावध करणारा मासा आहे आणि माशाच्या शिंगाला बांधलेली नाव आहे. महाभारताच्या मौसल पर्वात तर श्रीकृष्णाच्या निर्वाणानंतर समुद्राने गिळलेली द्वारका आहे. लहानपणी या कथा ऐकताना आपण प्रश्न विचारीत नाही. पुढे चार पुस्तके वाचल्यावर मात प्रश्न पडतोच : हे खरोखर घडले काय? आणि घडले असेल, तर त्याची काही खूण जमिनीत राहिली असेल काय? आपल्या देशात हा प्रश्न हातात कुदळ घेऊन विचारण्याचे धाडस ज्या थोड्या विद्वानांनी केले, त्यांत डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

या शोधाची सुरुवात झाली ती इंग्लंडात. जॉर्ज स्मिथ हा मूळचा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर. ब्रिटिश म्युझियममध्ये निनेव्हेहून आलेल्या मातीच्या विटा वाचता वाचता १८७२ साली त्याला बायबलातल्या प्रलयाशी जुळणारी कथा सापडली. साऱ्या इंग्लंडात खळबळ उडाली. एका वृत्तपत्राने त्याला पैसे देऊन निनेव्हेला पाठविले आणि तेथे त्याला प्रलयकथेचा आणखी एक तुकडा मिळालाही. पण हा झाला लेखी पुरावा. मातीतला पुरावा मिळाल्याचे जाहीर केले ते लिओनार्ड वुली यांनी, १९२९ साली, इराकमधील ऊर येथे. खोल खड्ड्यात त्यांना आठ फुटांहून जाड असा निव्वळ गाळाचा थर लागला. त्याच्या वर वस्ती, खाली वस्ती, आणि मध्ये एक खापरदेखील नाही. हाच तो नोहाचा प्रलय, असे वुलींनी मानले. पुढे कीश, शुरुप्पाक या गावीही गाळाचे थर निघाले, पण त्यांचे काळ एकमेकांशी जुळेनात. जगबुडी कोठेच सापडली नाही. सापडले ते तैग्रिस-युफ्रेटिसचे निरनिराळ्या काळांतले महापूर.

ज्या वर्षी वुलींचा गाळ गाजला त्या वर्षी सांकलिया मुंबईत वीस वर्षांचे तरुण होते. जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईचा. घराणे गुजराती, वकिली पेशाचे. मूल अपुऱ्या दिवसांचे आणि इतके अशक्त, की ते जगेल याचीच घरच्यांना खात्री नव्हती. पुढे हेच मूल साठी उलटेपर्यंत उन्हातान्हात नद्यांच्या दरडी धुंडाळीत हिंडले. शाळकरी वयात त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद पडला. त्यातले फारसे समजले नाही, पण आपणही असेच काही शोधायचे आणि त्यासाठी टिळकांप्रमाणे संस्कृत व गणित शिकायचे, असे त्या मुलाने ठरवून टाकले. मुंबईत फादर हेरास यांच्या हाताखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. नंतर लंडनला जाऊन गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच. डी. मिळविली, आणि तिकडेच मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात थरामागून थर कसा उलगडावा याचे शिक्षण घेतले.

१९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि सांकलिया तेथे प्राध्यापक झाले. टिळक ज्या कॉलेजचे विद्यार्थी, त्याच कॉलेजात टिळकांच्या ग्रंथाने वेडावलेला हा मुलगा आला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. पुढे ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे याही त्याच सुमारास तेथे रुजू झाल्या. गुजरातेतील लांघणज येथे मध्याश्मयुगीन माणसांचे सांगाडे निघाले, त्या कामात दोघांचाही सहभाग होता.

नंतरच्या तीस वर्षांत सांकलियांनी महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या पलीकडे कितीतरी मागे नेला. १९५०–५१ मध्ये नाशिक आणि संगमनेरजवळचे जोर्वे, पुढे नर्मदेकाठचे महेश्वर व नावडातोली, आणि १९५४ पासून नेवासे. या स्थळांच्या निवडीकडे जरा लक्ष द्यावे. नाशिकला पंचवटी, महेश्वर म्हणजे पुराणातली माहिष्मती असे मानतात, नेवासे तर ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान. पुराणांनी नावाजलेल्या गावाखाली नेमके काय आहे हे पाहण्याची ओढ त्यांना होती, हे उघड आहे. आणि खाली काय निघाले? नेवाशाला घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली, आत लहान मुलाची हाडे. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ, आणि तांब्याच्या गंजाने जपून ठेवलेला तिचा धागा! राजवाडे नाहीत, रथ नाहीत. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या साध्या शेतकरी कुटुंबाचे दुःख तेवढे हाती आले. सांकलियांनी तेच जगापुढे ठेवले, आणि रंगविलेल्या त्या तांबड्या मडक्यांना जोर्व्याचे नाव कायमचे चिकटले.

पूर मातीत कसा ओळखावा, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला फार समजावून सांगावे लागणार नाही. आपल्या गेवराई तालुक्याच्या उत्तर कडेने गोदावरी वाहते. ती चढली की राक्षसभुवनच्या देवळांत पाणी शिरते, आणि ओसरल्यावर मागे राहतो मऊ, एकजीव गाळ. गावच्या पांढरीची माती निराळी. तिच्यात राख असते, हाडे असतात, खापरे असतात. पांढरीच्या दोन थरांमध्ये स्वच्छ गाळाचा पट्टा दिसला, तर तेथे नदी येऊन गेली असे समजावे. याच खुणेवरून ब्रजबासी लाल यांनी १९५०–५२ मध्ये हस्तिनापूरची एक वस्ती गंगेच्या पुराने धुऊन नेल्याचे दाखविले, आणि निचक्षु राजाने पुरामुळे राजधानी कौशाम्बीला हलविली या पुराणातल्या नोंदीशी त्याची सांगड घातली. पोथी आणि माती एकमेकांच्या इतक्या जवळ आल्याचे आपल्याकडे दुसरे उदाहरण क्वचितच दाखविता येईल; तरीही त्यावर वाद आहेतच.

मग द्वारका? १९६३ साली डेक्कन कॉलेज आणि गुजरात राज्याचे पुरातत्त्व खाते यांनी मिळून तेथे खणावयाचे ठरविले. सूत्रे सांकलियांकडे होती, आणि झैनुद्दीन अन्सारी व मधुकर माटे हे सहकारी पुढे त्याचा अहवाल लिहिणार होते. जागा मिळाली ती जगत मंदिराच्या शेजारी, भर गावात. म्हणजे मोकळे टेकाड नव्हे. घरांच्या अडचणीत घेतलेली एक अरुंद खणती. अशा ठिकाणी खाली उतरणे म्हणजे आडात उतरण्यासारखेच. साऱ्या देशातल्या भाविकांचे डोळे तिकडे लागले असणार, आणि गुजराती घराण्यात जन्मलेल्या माणसाला त्याची जाणीव नसेल असे म्हणता येणार नाही. श्रीकृष्णाची द्वारका सापडली, असे एक वाक्य त्यांनी उच्चारले असते तर त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांना तोटा नव्हता. पण तळापर्यंत जाऊन हाती आलेली खापरे इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासची निघाली. त्याहून जुने काही त्या खणतीत नव्हते, आणि जे नव्हते ते सांकलियांनी कागदावर आणले नाही. आजचे गाव सुमारे दोन हजार वर्षांचे, एवढेच त्या खणतीने सिद्ध केले. सांकलियांच्या साऱ्या आयुष्यात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

१९७३ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी रामायण ही दंतकथा की वस्तुस्थिती, या प्रश्नावरचे त्यांचे छोटेखानी इंग्रजी पुस्तक निघाले. त्यात त्यांनी लंका सिंहलद्वीपात नव्हे, मध्य भारतातच असावी असे प्रतिपादन केले. रामाचे नाव कोरलेली अंगठी हा तपशील ग्रीकांशी संबंध आल्यानंतरचा. सालवृक्ष दक्षिणेत होत नाही, म्हणून ती अरण्ये उत्तरेकडची. असा त्यांचा युक्तिवाद होता. पुष्कळ लोक रागावले. त्यांचा राग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. द्वारकेला ज्या सांकलियांनी मातीपुढे एक पाऊलही टाकले नाही, त्यांनी येथे खणती न घेता, काव्यातल्या झाडांवरून भूगोल ठरविला. अंगठीचा मुद्दा पटतो. लंकेचा पटत नाही.

त्यांच्या प्रेरणेने १९६८ साली घोड नदीकाठी इनामगाव येथे उत्खनन सुरू झाले. मधुकर ढवळीकर आणि अन्सारी यांनी ते १९८३ पर्यंत चालविले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी पुराचे पाणी वळविण्यासाठी पाट खणला होता आणि दगडमातीचा बांध घातला होता. त्या गावाला पुराची भीती होती, आणि त्यावर त्यांनी उपायही केला होता. पण ते गाव बुडाले नाही. पावसाने ओढ दिली, गहू पिकेनासा झाला, चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, आणि इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमारास लोक निघून गेले. दुष्काळाची कथा कोणत्या पुराणाने इतकी रंगवून सांगितली आहे? बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही.

१९७४ साली सरकारने सांकलियांना पद्मभूषण दिले. १९७८ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आपला जन्मच पुरातत्त्वासाठी होता, असे त्याच्या नावावरूनच त्यांनी सांगून टाकले आहे. द्वारकेचा प्रश्न मात्र तेथेच थांबला नाही. शि. रं. राव यांनी १९७९–८० मध्ये मंदिराच्या आवारात जुन्या देवळांचे अवशेष दाखविले, आणि मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे घेऊन ते समुद्रात उतरले. घडीव दगड, बांधकामाचे अवशेष, दगडी नांगर वर आले. रावांनी ती श्रीकृष्णाची द्वारका मानली. त्याच संस्थेतल्या नंतरच्या संशोधकांना नांगर बहुतांशी ऐतिहासिक व मध्ययुगीन काळातले, बंदराच्या व्यापाराचे वाटतात. पाणबुड्यांच्या या मोहिमा चालू असतानाच २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात डॉ. सांकलिया वारले.