विल्यम विल्बरफोर्स

इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्यांत पॉक्लिंग्टन गांवीं १५१४ सालीं स्थापन झालेली एक शाळा आहे. हल बंदरांतील एका धनाढ्य व्यापाऱ्याचा पितृहीन मुलगा, विल्यम विल्बरफोर्स, १७७१ सालीं बाराव्या वर्षीं तेथें आला. अंगानें नाजूक, पण गळा मोठा गोड! अभ्यासापेक्षां गाण्यांत व मेजवान्यांत त्याचा जीव अधिक रमे.

१७८० सालीं, एकवीस वर्षें नुकतीं पुरीं होतांच, तो हलतर्फे पार्लमेंटांत गेला. त्या निवडणुकींत आठ हजारांवर पौंड खर्चिले गेले. तेव्हां तो विजय बराचसा द्रव्याचाच म्हणावयाचा! परंतु १७८४ सालीं यॉर्कच्या किल्ल्याच्या पटांगणांत, वादळी हवेंत, त्या ठेंगण्या तरुणाचें भाषण ऐकून लोक थक्क झाले आणि सबंध यॉर्कशरनें त्यास आपला प्रतिनिधि केलें.

एवढ्या मोठ्या परगण्याचा पाठिंबा असल्यामुळें त्याच्या शब्दास पार्लमेंटांत वजन आलें. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानें १७८९ पासून झगडा मांडला. ठराव वारंवार फेटाळले गेले. अखेर १८०७ सालीं कायदा झाला. त्याच वर्षीं यॉर्कशरमध्यें मोठ्या चुरशीची निवडणूक होऊन सर्वांत अधिक मतें त्यासच पडलीं.

१८१२ सालीं त्यानें ती जागा सोडली. गुलामगिरीच नष्ट करणारें बिल मंजूर होणार हें निश्चित झाल्याचें त्यास १८३३ च्या जुलईंत कळलें, आणि तीन दिवसांनीं तो निवर्तला. यॉर्कशरचा तो अखंड मतदारसंघ आदल्याच वर्षीं मोडून त्याचे तीन विभाग झाले होते. पॉक्लिंग्टनची शाळा मात्र अद्याप चालू आहे.