चिंचोक्यांची प्रयोगशाळा

जून महिना जवळ आला की सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांतील पुस्तकांच्या व खेळण्यांच्या दुकानांत रंगीबेरंगी खोक्यांची रास लागते. चार-पाच वर्षांच्या बालकासाठी विज्ञानाचा संच, चित्रकलेचा संच, हस्तकौशल्याचा संच, अशी त्यांवरची ठसठशीत अक्षरे पालकांना मोहात पाडतात. ठरावीक पगारात संसार चालविणारा कारकून वा शिक्षक त्या खोक्यापुढे क्षणभर थबकतो. हे घेऊन दिले नाही तर आपले मूल मागे पडेल काय, ही शंका त्याला ग्रासते. बालवाडीच्या चालकांपुढे तर हाच प्रश्न तीस-चाळीस मुलांच्या संख्येने गुणून उभा राहतो. लहान मुलाच्या हाती काय द्यावे, कोणत्या कसोटीवर निवडावे आणि ज्याला विकत घेणे परवडत नाही त्याने काय करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात महाराष्ट्रातील एका कर्तबगार स्त्रीने आपले आयुष्य वेचले. ताराबाई मोडक हे तिचे नाव.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरातील वातावरण प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचे असल्याने मुलीच्या शिक्षणास आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या असण्याचा तो काळ. पुढल्याच वर्षी त्यांचा विवाह झाला आणि त्या अमरावतीस गेल्या. तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी आणि हाती स्वतःची विद्या एवढ्या भांडवलावर त्यांनी नव्याने आयुष्य उभारले. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदावर त्यांची नेमणूक झाली. अधिकार, मान आणि नियमित वेतन या तिन्ही गोष्टी त्या पदाने त्यांना दिल्या.

असे पद सोडून बालमंदिरात तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसणे हा व्यवहारी जगाच्या दृष्टीने वेडेपणाच होता. ताराबाईंनी तो १९२३ साली केला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. वकिली सोडून आलेले गिजुभाई मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांनी भारून गेले होते. ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाचे मुखपत्र शिक्षणपत्रिका प्रथम गुजरातीत आणि १९३३ पासून मराठीतही निघू लागले. मारण्या-दटावण्यावाचून शिक्षण होऊ शकते, हा विचार मराठी घरांत आणि शाळांत पोहोचविण्याचे पुष्कळसे श्रेय या पत्रिकेकडे जाते.

माँटेसरी पद्धतीत साहित्याला जे स्थान आहे ते समजून घेतल्यावाचून ताराबाईंच्या कार्याचे मोल कळणार नाही. माँटेसरीबाई मुळात वैद्यकीय पदवीधर. त्यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातील मजुरांच्या गरीब वस्तीत उघडले. तेथे त्यांनी मुलांच्या हाती दिलेली साधने विचारपूर्वक घडविलेली होती. गुलाबी मनोऱ्याचे १० ठोकळे घ्या. सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा, सर्वांत लहान १ सेंटिमीटरचा. रंग एकच, आकृती एकच. बदलते ते फक्त आकारमान. त्यामुळे मुलाचे लक्ष त्या एकाच गुणावर खिळते. दट्ट्यांच्या पेटीत प्रत्येक दट्ट्याला त्याचीच एक खोबण असते. दट्टा चुकीच्या खोबणीत बसविला तर शेवटी एक दट्टा उरतो आणि मूल स्वतःच आपली चूक ओळखते. शिक्षकाने रागावण्याचे कारणच उरत नाही. निरीक्षण, तुलना, क्रम आणि स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणे हीच विज्ञानाची पहिली पायरी होय. आणि रंगाच्या छटा ओळखणे, आकाराचा तोल सांभाळणे ही कलेची. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात या दोन्ही पायऱ्या एकच असतात.

परंतु एका गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धत जगभर पसरता पसरता श्रीमंतांच्या दारी जाऊन बसली. लाकडाची अचूक मापे, उत्तम रंगकाम आणि ठरावीक संच यांमुळे साहित्य महागले. १९३६ साली ताराबाई मुंबईत आल्या आणि दादरच्या शिशुविहारात त्यांनी काम सुरू केले. तेथे मध्यमवर्गीय घरांतील मुले येत, फी भरता येत असे, साहित्यही मिळत असे. शिक्षिका तयार होऊ लागल्या, संस्थेची कीर्ती झाली. तरीही खेडोपाडी पसरलेल्या देशाला हे शिक्षण केव्हा आणि कसे मिळणार, हा प्रश्न सुटत नव्हता. यश मिळालेल्या ठिकाणी आयुष्याची उरलेली वर्षे सुखाने काढण्याची संधी त्यांना होती. ती त्यांनी नाकारली.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या खेड्यात गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले. अनुताई वाघ ही तरुण शिक्षिका त्यांच्यासमवेत होती. बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताईंनी शिक्षणाच्या बळावर स्वतःला उभे केले होते; पुढे जन्मभर त्यांनी ताराबाईंचा वसा चालविला. बोर्डीत रोमच्या मापाचे साहित्य आणणे शक्य नव्हते, आणि आणले असते तरी ते दुसऱ्या खेड्याला कधीच परवडले नसते. मग समुद्रकाठचे शिंपले, बिया, खडे, पाने, फुले, माती, बांबू यांतून साहित्य तयार होऊ लागले. शिंपल्यांचा लहानमोठा क्रम लावता येतो, बियांचे प्रकार डोळे मिटून स्पर्शाने ओळखता येतात, पानांच्या हिरव्या रंगाच्या छटा एकीपुढे एक मांडता येतात. एका वेळी एकच गुण पुढे ठेवावा आणि चूक मुलालाच उमगावी, ही तत्त्वे कायम राहिली. बदलले ते केवळ द्रव्य.

हा बदल वाटतो तितका सोपा नव्हता. माँटेसरी साहित्याची मापे आणि क्रम ठरलेले. त्यांना हात लावणे म्हणजे पद्धतीलाच बाध आणणे, असे मानणारे पुष्कळ होते. ताराबाईंनी पद्धतीचा आत्मा आणि तिचा देह यांत फरक केला. जे गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचत नाही ते शास्त्र अपुरे, अशी त्यांची भूमिका त्यांच्या कृतीतून स्पष्ट दिसते. टीका होणार हे ठाऊक असूनही शास्त्र न सोडता ते स्वस्त करणे, याला मोठेच धैर्य लागते.

बोर्डीत आणखी एक अडचण निघाली. बालवाडी उघडली, साहित्य तयार झाले, तरी दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले येईनात. कोणाला धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे, कोणाला अंगावर धड कपडा नसे, आणि गावाने घातलेली जुनी कुंपणे तर होतीच. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असे ठरले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. तेथेच मुलांना न्हाऊमाखू घालावे, गाणी म्हणावीत, खेळ मांडावेत. या उपक्रमातून अंगणवाडी जन्मास आली. पुढे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या मुलखात नेण्यात आले. तेथे गुरे राखणारी मुले दिवसभर रानात असत. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना झाडाखाली शाळा भरे, आणि भोवतालचे रान हीच तिची सामग्री असे.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर रूढ झाला. तो शब्द तर गेला. पण त्यामागची साहित्याची दृष्टी कितपत गेली, याचा विचार मात्र व्हावयास हवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ या वयाला शिक्षणाचा पाया मानले. २०२३ मध्ये याच वयाच्या मुलांसाठी जादुई पिटारा या नावाने खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रपत्रे यांचा संच केंद्र सरकारतर्फे प्रसिद्ध झाला. खेळातून शिक्षण ही कल्पना आता राजमान्य झाली आहे. प्रश्न उरतो तो निवडीचा.

ताराबाईंच्या कार्यातून निवडीच्या काही कसोट्या सहज हाती लागतात. संचातील वस्तू मुलाने स्वतः हाताळावयाची आहे की मोठ्यांनी करून दाखवावयाची आहे, हे प्रथम पाहावे. जो प्रयोग एकदाच होतो आणि पुडी संपताच खोके माळ्यावर जाते, त्यापेक्षा शंभर वेळा मांडता-मोडता येणारी वस्तू श्रेष्ठ. जेथे चित्राच्या रेषा आधीच छापलेल्या आणि रंगही ठरवून दिलेले, तेथे मुलाच्या वाट्याला केवळ हमाली येते. हरवलेला तुकडा घरच्या घरी भरून काढता येतो काय, हेही पाहावे. विकतचेच घ्यावयाचे असेल तर खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झालेले आयएसआय चिन्ह तपासावे. घरी जमविलेल्या बियांच्या बाबतीतही सावधगिरी हवीच. अगदी लहान मुले त्या तोंडात, नाकात घालतात. म्हणून लहान बिया मोठ्यांच्या नजरेखालीच द्याव्यात.

या दृष्टीने कृष्णाकाठचा हा मुलूख फारच संपन्न आहे. सांगलीच्या हळदीचे कुडे आणि चुना एवढ्यावर रंग पालटण्याचा चमत्कार दाखविता येतो. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडताच पिवळ्याचा तांबडा होतो आणि लिंबू पिळताच तो पुन्हा पिवळा होतो. चिंचोके, करंजाच्या बिया, भुईमुगाची टरफले, जोंधळ्याच्या ताटांची चिपाडे, नदीतील गुळगुळीत गोटे यांतून मोजणी, वर्गीकरण, वजन आणि रचना यांचे धडे सिद्ध होतात. बेंदराला मातीचे बैल करणारी आणि दिवाळीत अंगणात किल्ला उभारणारी मुले नकळत मोठीच विद्या शिकत असतात. माती किती ओली असता बुरूज उभा राहतो, उतारावरून पाणी कोठे वळते, पेरलेली मोहरी कितव्या दिवशी उगवते, हे विज्ञान. आणि तटाला वळण कसे द्यावे, दरवाजा कोठे शोभेल, ही कला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना यासाठी नमुनाही दूर शोधावा लागत नाही.

परंतु येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पैसे नाहीत म्हणून टाकाऊ वस्तूंचा ढीग मुलांपुढे लोटणे याला साहित्य म्हणत नाहीत. चिंचोका आपोआप शिकवीत नाही. तो धुतलेला, निवडलेला, ठरल्या जागी ठेवलेला असावा लागतो. त्यातून आज कोणता एक गुण पुढे ठेवावयाचा हे शिक्षिकेच्या मनात पक्के असावे लागते. आणि मूल रमले असता मध्ये न बोलण्याचा संयम तिच्यापाशी असावा लागतो. ताराबाईंनी शिक्षिका तयार करण्यावर जन्मभर भर दिला तो याचसाठी. स्वस्त साहित्याला महाग असे एकच द्रव्य लागते, ते म्हणजे जाणत्या शिक्षिकेचे लक्ष. म्हणून अंगणवाडीच्या सेविकेवर नोंदवह्यांचा आणि इतर कामांचा भार लादून तिच्याकडून या लक्षाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तिला वेळ, प्रशिक्षण आणि योग्य मानधन देणे हा खर्च कोणत्याही खोक्यावरील खर्चाहून अधिक फलदायी ठरेल.

ताराबाईंच्या जीवनाचा खरा प्रश्न अखेर साहित्याच्या किमतीपलीकडे जातो. ते कोणापर्यंत पोहोचते, हा तो प्रश्न होय. दरवर्षी गळीत हंगामात या दोन्ही जिल्ह्यांच्या साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. पहाटे आईबाप फडात जातात आणि चार-पाच वर्षांची मुले बांधावर बसून असतात. माण-खटाव आणि जत-आटपाडीचे मेंढपाळ कळपामागे मुलुख तुडवीत जातात. त्यांची मुले आज या गावी तर उद्या त्या गावी. दुकानातील संच यांच्यासाठी नाहीत, आणि गावच्या अंगणवाडीच्या पटावरही यांची नावे सहजी चढत नाहीत. बोर्डीच्या वस्तीत आणि कोसबाडच्या कुरणात जे घडले ते उसाच्या फडाच्या बांधावर घडू नये असे काही कारण नाही. एका पिशवीत मावेल एवढे साहित्य, ते मांडणारी एक जाणती सेविका आणि तिला तेथे पाठविणारी पंचायत वा कारखाना एवढ्यावर हे काम उभे राहू शकते. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन्ही जिल्ह्यांतील शिक्षकांनी, कारखान्यांच्या संचालकांनी आणि जिल्हा परिषदांनी एवढे मनावर घेतले, तर ताराबाईंचे कार्य या मुलखात खऱ्या अर्थाने पुढे चालेल.