जॉन फॉन नॉयमन

जॉन फॉन नॉयमन (२८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट – ८ फेब्रुवारी १९५७, वॉशिंग्टन डी.सी.) हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ होते. संगणकाला यादृच्छिक, म्हणजे अंदाज बांधता न येणाऱ्या, संख्या कशा पुरवाव्यात याचा आरंभीच्या काळात विचार करणाऱ्यांत त्यांची गणना होते.

जीवन

त्यांचा जन्म सधन ज्यू कुटुंबात झाला. १९२६ मध्ये त्यांनी झुरिक येथून रासायनिक अभियांत्रिकीची पदविका व बुडापेस्ट येथून गणितातील डॉक्टरेट मिळवली. १९३३ मध्ये ते प्रिन्स्टन येथील इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लॉस अलामोस येथील अणुबाँब प्रकल्पात भाग घेतला. १९४५ मध्ये त्यांनी एडव्हॅक या संगणकाच्या रचनेवरील अहवाल लिहिला. कर्करोगाने वयाच्या ५३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

यादृच्छिक संख्या

अणुभौतिकीतील माँटे कार्लो पद्धतीच्या गणितांना असंख्य यादृच्छिक संख्या लागत. छिद्रित कार्डांवरून त्या वाचणे वेळखाऊ होते. नॉयमन यांनी संख्येचा वर्ग करून मधले अंक घेण्याची रीत सुचवली. उदाहरणार्थ, १२३४ चा वर्ग ०१५२२७५६. त्यातून ५२२७ मिळते. रीत वेगवान, पण सदोष होती: ३७९२ पासून पुन्हा ३७९२च येते. हे दोष त्यांना ठाऊक होते. तरीही गणित तपासण्यासाठी तीच संख्यामाला पुन्हा मिळणे त्यांना आवश्यक वाटे. भौतिक साधनांतून ते शक्य नव्हते.

एका बाजूला झुकणाऱ्या नाण्यातून निःपक्षपाती निकाल काढण्याची युक्तीही त्यांनी दिली. नाणे दोनदा उडवावे. छाप-काटा आल्यास ०, काटा-छाप आल्यास १ मानावे आणि दोन्ही निकाल सारखे आल्यास ते सोडून द्यावेत. निर्दोष नाण्यालाही एका अंकासाठी सरासरी ४ फेका लागतात. दहांत नऊ वेळा छाप देणाऱ्या नाण्याला सुमारे ११. शुद्ध यादृच्छिकतेची किंमत प्रतीक्षेत मोजावी लागते.

वारसा

सांकेतिक किल्ल्यांसाठी मात्र पुन्हा न मिळणारी संख्याच हवी असते. त्यामुळे लिनक्स प्रणाली सुरू होताना पुरेशी यादृच्छिकता जमेपर्यंत किल्ली मागणारी आज्ञावली थांबून राहू शकते. कळफलक वा माउस नसलेल्या आभासी यंत्रांत हा विलंब विशेष जाणवे. अशा वेळी प्रथम प्रणालीच्या नोंदींतून विलंबाचे कारण निश्चित करतात. नंतर यजमान यंत्राकडून यादृच्छिकता पुरवतात किंवा लिनक्सची नवी आवृत्ती बसवतात. २०१९ मधील ५.४ आवृत्तीपासून लिनक्सचा गाभा प्रोसेसरच्या वेळेतील सूक्ष्म चढउतारांतून यादृच्छिकता स्वतः गोळा करू शकतो.