साने गुरुजी व त्यांची पुस्तके

‘श्यामची आई’ वाचून झाल्यावर पुढे काय वाचावे, असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांना पडतो. त्याचे उत्तर गुरुजींच्या चरित्रातच सापडते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. घरची स्थिती ओढगस्तीची होती. दापोलीच्या मिशन शाळेत, पुढे औंधास व पुण्यास, कधी अर्धपोटी राहून त्यांनी विद्या संपादन केली. १९१७ साली मातोश्री निवर्तल्या. ते दुःख त्यांना जन्मभर पुरले.

१९२४ साली ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले आणि आपल्या खानदेशाचेच होऊन गेले. छात्रालयाची व्यवस्था त्यांजकडे होती. मुले वर्गात गेली म्हणजे त्यांच्या खोल्या ते स्वतः आवरून ठेवीत. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ काढीत; छापखाना नव्हता, तेव्हा सारा मजकूर ते स्वहस्ते लिहीत. शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे नित्य नवे वाचन ठेवावे म्हणून इतके कष्ट घेतल्याचे दुसरे उदाहरण आमच्या प्रांतात क्वचितच सापडेल. त्या छात्रालयाची छाया ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत दिसते.

१९३० साली नोकरी सोडून त्यांनी कायदेभंगात उडी घेतली व तुरुंगवास पत्करला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले. ‘कुरल’ हा प्राचीन ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून अशी अठरा प्रवचने झाली, आणि ती गुरुजींनी भराभर उतरून घेतली. त्यांचा हात त्या वेळी चालला नसता, तर ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज वाचावयास मिळता ना. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली.

डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. त्यासाठी गुरुजी खानदेशात गावोगाव हिंडले. घरातील वडील मंडळींना विचारून पाहावे. कोणाच्या आजोबांच्या तोंडून आलेली एखादी आठवण अद्याप निघेल.

१९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण आरंभिले, आणि ते मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांच्या जीवनाचा अंत झाला.

आता वाचनाविषयी. ‘श्यामची आई’नंतर ‘श्याम’ घ्यावे व मग ‘धडपडणारी मुले’. मात्र गुरुजींची पुस्तके लागोपाठ वाचू नयेत. अश्रू फार होतात, आणि कोवळ्या वाचकास ते जड जाते. मध्ये ‘मनूबाबा’ वाचावे. जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेच्या ‘सायलस मार्नर’ कादंबरीवरून ते रचले आहे. विणकऱ्याचे चोरीस गेलेले सोने आणि त्याच्या दारी आलेली पोरकी मुलगी यांची ती कथा आहे. इंग्रजी चांगले येऊ लागले म्हणजे मूळ कादंबरीही हाती घ्यावी. ‘गीता प्रवचने’ व ‘भारतीय संस्कृती’ वरच्या इयत्तांसाठी ठेवावीत. पालकांनी ती मुलांबरोबर बसून, दररोज चार पाने, वाचावीत.