वीज साठवणं परवडेना म्हणून या गड्याने विजेची वेळ विकली, आज घरोघरच्या बॅटऱ्या तोच धंदा करतायत

लाईट बिल हातात आलं की आपण आधी शेवटचा आकडा बघतो आणि मग शिव्या घालायला कारण पाहिजे म्हणून वरच्या ओळी वाचतो. त्यात एक ओळ असते, स्थिर आकार. महिनाभर गावाला गेलात, घराला कुलूप होतं, एक युनिट जाळलं नाही, तरी हा आकार भरावाच लागतो.

आत्ता तुम्ही म्हणाल, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

तर ते आपल्या महावितरणच्या डोक्यातून निघालेलं नाही. त्याची गोष्ट सव्वाशे वर्षं जुनी आहे आणि तिच्या मध्यभागी सॅम्युअल इन्सल नावाचा एक माणूस आहे. एडिसन सगळ्यांना माहीत असतो. पण एडिसनचा दिवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरात नेला तो त्याच्या या सेक्रेटरीने.

आणि त्याची आठवण काढायला आज एक निमित्तही आहे. ऑस्ट्रेलियात घरांच्या छतावर इतकं सोलर झालंय की भर दुपारी घाऊक बाजारात विजेचा भाव कधी कधी शून्याच्याही खाली जातो. संध्याकाळी माणसं घरी येतात, सूर्य मावळतो आणि तोच भाव उसळी मारतो. तिथे हा भाव दर पाच मिनिटांनी ठरतो. मग ज्यांच्या घरात किंवा दुकानात बॅटरी आहे ते दुपारी ती भरून घेतात आणि संध्याकाळी वीज परत ग्रीडला विकतात.

हिशोब सोपा आहे. समजा ३ रुपयांनी १० युनिट घेतले, ३० रुपये गेले. भरताना आणि काढताना थोडी वीज वाया जाते, म्हणून हातात राहिले ९ युनिट. ते ९ रुपयांनी विकले तर आले ८१. मधले ५१ रुपये तुमचे. पण त्यातून बॅटरीची झीज वजा करायची, कारण प्रत्येक वेळी भरली आणि रिकामी केली की तिचं आयुष्य थोडं कमी होतं. झीज त्या ५१ पेक्षा जास्त निघाली तर हा सगळा खटाटोप तोट्याचा.

थोडक्यात, इथे कमाई विजेची नाही, वेळेची आहे. हे ज्याला सगळ्यात आधी धंदा म्हणून कळलं त्यातला एक म्हणजे इन्सल.

जन्म ११ नोव्हेंबर १८५९, लंडन. घरची परिस्थिती बेताची. वडील दारूबंदीच्या चळवळीतले धर्मोपदेशक. पोरगं लवकरच कारकुनीला लागलं आणि शॉर्टहँड शिकलं. एक नोकरी सुटली तेव्हा त्याने पेपरातली जाहिरात बघून अर्ज टाकला. जाहिरात देणारा निघाला एडिसनचा लंडनमधला प्रतिनिधी. तिथून सूत जुळलं आणि १८८१ च्या फेब्रुवारीअखेर २१ वर्षांचा इन्सल न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला, थेट एडिसनचा खासगी सेक्रेटरी म्हणून. पहिल्याच रात्री एडिसनने त्याला समोर बसवून पैसे कुठून उभे करायचे यावर पहाटेपर्यंत डोकं लढवलं, असं सांगतात.

एडिसनला पैशांचं भान कमी होतं, इन्सलला तेवढंच होतं. पुढची अकरा वर्षं त्याने एडिसनची पत्रं लिहिली, देणेकरी सांभाळले, शेनेक्टडीचा कारखाना काही शे कामगारांवरून हजारोंवर नेला. १८९२ मध्ये बँकवाल्यांनी एडिसनची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन करून जनरल इलेक्ट्रिक उभी केली. इन्सलला तिथे मोठं पद आणि ३६,००० डॉलरचा पगार मिळत होता. पठ्ठ्याने नाही म्हटलं आणि शिकागोतल्या एका छोट्या वीज कंपनीचा अध्यक्ष झाला. पगार १२,००० डॉलर. वर शहरातल्या एका बड्या व्यापाऱ्याकडून अडीच लाख डॉलरचं कर्ज काढून त्याच कंपनीचे शेअर घेतले.

तेव्हा शिकागोची लोकसंख्या दहा लाखांच्या वर होती आणि या कंपनीचे ग्राहक पाच हजारही नव्हते. वीज म्हणजे हॉटेल, थिएटर आणि पैसेवाल्यांचं प्रकरण. बाकीचं शहर गॅसच्या दिव्यावर चाललं होतं.

इथे इन्सलला खरी अडचण दिसली. लोक दिवे लावतात अंधार पडल्यावर. हिवाळ्याच्या संध्याकाळी दोनतीन तास सगळं शहर एकदम वीज मागतं आणि रात्री सगळं थंड होतं. त्या दोनतीन तासांसाठी बॉयलर, इंजिनं, तांब्याच्या तारा सगळं उभं करायचं आणि उरलेले वीसेक तास ते नुसतं बघत बसायचं. कर्जाचं व्याज मात्र चोवीस तास चालूच. एखाद्या माणसाने लग्नाच्या एका दिवसासाठी मंगल कार्यालय बांधावं तसा हा प्रकार.

बॅटरी नव्हत्या का? होत्या. शिशाच्या, अवाढव्य. त्या काळच्या अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतल्या वीज केंद्रांमध्ये बॅटऱ्यांच्या खोल्याच्या खोल्या असायच्या. रात्री भरायच्या, संध्याकाळच्या गर्दीला वापरायच्या. इन्सलनेही शिकागोत त्या बसवल्या. पण त्या इतक्या महाग होत्या की अडीनडीला उपयोगी पडतील, सगळ्या शहराची संध्याकाळ पेलणार नाहीत.

मग उत्तर सापडलं ते सुट्टीत. १८९४ च्या नाताळात तो इंग्लंडला गेला होता. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावात फिरताना त्याने पाहिलं की अगदी छोटी छोटी दुकानंही विजेच्या दिव्यांनी झगमगतायत. शिकागोत असं चित्र नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की तिथल्या वीज केंद्राचा प्रमुख आर्थर राइट याने एक वेगळं मीटर बनवलंय. नुसती किती वीज वापरली हे न मोजता, एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली हेही ते मोजायचं.

त्यावरून बिलाचे दोन भाग झाले. तुमच्यासाठी जी यंत्रणा तयार ठेवली तिचा एक आकार, आणि प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचा दुसरा. पहिला भाग वसूल झाला की पुढची युनिटं स्वस्तात देता येतात. त्यामुळे दुकानदार दिवा जास्त वेळ चालू ठेवायला घाबरत नाही. या दोन भागांच्या दराची मांडणी जॉन हॉपकिन्सन या इंग्रज इंजिनियरने १८९२ मध्येच केली होती. इन्सलने ती शिकागोत नेली आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर राबवली की पुढे ती वीजधंद्याची रीतच झाली. आपल्या बिलातल्या स्थिर आकाराचं कूळ हे असं आहे.

त्यानंतर इन्सल दिवसाचे रिकामे तास भरायच्या मागे लागला. ट्राम आणि लोकल चालवणाऱ्या कंपन्या स्वतःची वीज स्वतः बनवायच्या. त्यांना त्याने इतका पाडून भाव दिला की त्यांनी आपली इंजिनं बंद करून त्याची वीज घेतली. कारखाने दिवसा चालतात, त्यांना वेगळा दर. बर्फाच्या कारखान्यांची मागणी उन्हाळ्यात, दिव्यांची हिवाळ्यात, म्हणून त्यांनाही गाठलं. घरी दिवसा बायकांनी वीज वापरावी म्हणून विजेच्या इस्त्र्या वापरून बघायला दिल्या.

त्याचं आवडतं उदाहरण एका चाळवजा वस्तीचं होतं. १९३ बिऱ्हाडं, त्यातली १८९ त्याची ग्राहक. प्रत्येक घराची जास्तीत जास्त मागणी मोजून बेरीज केली तर सुमारे ६८ किलोवॅट भरत होती. पण सगळी घरं एकाच मिनिटाला सगळं चालू करत नाहीत. प्रत्यक्षात एका वेळची मागणी भरली फक्त २० किलोवॅट. म्हणजे प्रत्येकाने आपापलं जनरेटर घेतलं तर तिप्पटीहून जास्त यंत्रं लागतील. त्याच्या साम्राज्याचा पाया हा एवढाच होता.

गंमत बघा, गुरू नेमका उलट्या दिशेने चालला होता. एडिसनने कित्येक वर्षं घालवून निकेल आणि लोखंडाची बॅटरी तयार केली आणि १९१२ च्या सुमारास बॅटऱ्यांवर चालणारं, वीज कंपनीच्या तारेशी संबंध नसलेलं घर लोकांना दाखवलं. गुरूला प्रत्येक घर स्वतंत्र हवं होतं, चेल्याला सगळी घरं एका तारेत. तेव्हा चेला जिंकला, कारण गणित त्याच्या बाजूने होतं.

१९०३ मध्ये त्याने फिस्क स्ट्रीटच्या केंद्रात ५,००० किलोवॅटचं वाफेचं टर्बाइन बसवलं. एवढं मोठं यंत्र बनवायला जनरल इलेक्ट्रिकच कचरत होती. पहिल्यांदा सुरू करताना इंजिनियरने त्याला बाहेर थांबायला सांगितलं, पण हा हटला नाही, असा किस्सा सांगतात. यंत्र फुटलं असतं तर धंदाही फुटला असता, मग बाहेर थांबून करायचं काय? १९१० पासून शिकागोच्या उत्तरेकडच्या लेक काउंटीतली गावं त्याने जोडायला घेतली. ज्या गावांत फक्त संध्याकाळी वीज यायची तिथे चोवीस तास आली.

आता दुसरी बाजू. इन्सल काही संत नव्हता. शिकागोतले स्पर्धक त्याने एकेक करून गिळले. नगरसेवकांच्या एका टोळीने त्याला पिळायला स्वतःचीच वीज कंपनी काढली, तर कळलं की यंत्रं बनवणाऱ्यांशी इन्सलने आधीच करार करून ठेवलेत आणि त्यांना कुणी यंत्र विकणार नाही. शेवटी ती कंपनी त्यालाच विकावी लागली. सरकारने दर ठरवावेत असं तो १८९८ पासून सांगत होता, पण त्या बदल्यात त्याला शहरात एकट्याची मक्तेदारी हवी होती.

आणि मग विसाचं दशक आलं. एका कंपनीवर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी कंपन्यांची उतरंड रचली. खालची मडकी वीज बनवायची, वरची फक्त खालच्यांचे शेअर धरून बसायची. थोड्या भांडवलात प्रचंड ताबा. तीसहून जास्त राज्यांत त्याची वीज पोचली. शेअर विकले ते ग्राहकांना, नोकरांना, शिक्षकांना, विधवांना. लाखो लोकांनी आयुष्याची पुंजी त्यात टाकली, कारण दिवा तर रोज लागतोय, मग पैसा जाणार कुठे?

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. त्यानंतर काही दिवसांतच, ४ नोव्हेंबरला, शिकागोत त्याने बांधलेल्या भव्य ऑपेरा हाउसचं उद्घाटन झालं. १९३० मध्ये एका गुंतवणूकदाराने जमवलेले शेअर परत घ्यायला त्याने ५ कोटी ६० लाख डॉलर मोजले, त्यातले बरेच कर्ज काढून. तारण काय? तेच शेअर. भाव पडत गेले, बँका आणखी तारण मागत गेल्या. १९३२ मध्ये वरची मडकी फुटली. खालच्या, खरी वीज बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या मात्र चालत राहिल्या. दिवे विझले नाहीत, पुंजी मात्र बुडाली.

इन्सल आधी पॅरिसला आणि मग ग्रीसला गेला. रूझवेल्टने निवडणुकीच्या भाषणात त्याचं नाव घेऊन झोडपलं. १९३४ मध्ये इस्तंबूलला जहाजावरून पकडून त्याला अमेरिकेत आणलं. खटल्यात त्याने स्वतःची सगळी जीवनकथा साक्षीत सांगितली आणि ज्यूरीने निर्दोष सोडलं. पुढच्या खटल्यांतही तो सुटला. कायद्याने गुन्हा नव्हता म्हणून बुडालेल्यांचे पैसे काही परत आले नाहीत. १९३५ मध्ये अशा उतरंडी मोडणारा कायदा आला, तो २००५ पर्यंत टिकला.

त्याने लावलेली वेळेची सवय मात्र राहिली. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियम बदलून सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग करायचं ठरवलं, ती त्याच विचाराची पुढची पायरी. बॅटरीवाल्यांना मात्र त्याच्याकडून एक धोका शिकून ठेवता येईल. दुपार आणि संध्याकाळच्या भावातला फरक हीच त्यांची कमाई, आणि जितक्या जास्त बॅटऱ्या संध्याकाळी वीज ओततील तितका तो फरक कमी होत जाणार. कर्ज काढून बॅटरी घेताना आजचाच फरक दहा वर्षं राहील असं धरलं, तर ते गणित उतरंडीकडे झुकतं.

१६ जुलै १९३८ ला पॅरिसमध्ये मेट्रोच्या स्टेशनवर इन्सलला हार्ट अटॅक आला. हृदयाला त्रास होईल म्हणून मेट्रोने जाऊ नकोस, असं बायकोने बजावलं होतं. विजेच्या गाड्यांना वीज विकून मोठा झालेला हा माणूस प्लॅटफॉर्मवरच गेला. खिशात थोडे फ्रँक होते. ओळख पटली ती हॉटेलच्या लॉन्ड्रीच्या बिलावरून. नंतर त्याला लंडनला नेऊन पटनी व्हेलच्या दफनभूमीत आईवडिलांजवळ पुरलं.