मधमाश्या पाळणारे पामर आणि ‘कट्कन’ वाजणारी पाठ : कायरोप्रॅक्टिकच्या जनकाची गोष्ट

मोबाईलवर रील्स बघताना एक व्हिडिओ हमखास समोर येतो. टेबलावर कुणीतरी पालथं झोपलेलं असतं. पांढऱ्या कोटातला माणूस पाठीवर दोन्ही हात ठेवतो, एक झटका देतो आणि ‘कट्कन’ आवाज येतो. झोपलेला माणूस हसत उठतो. खाली शेकडो कमेंट. कांदा काढून, ऊस तोडून, दिवसभर ट्रॅक्टरवर बसून कंबर धरलेल्या माणसाला वाटतं, आपणही एकदा पाठ अशी वाजवून घ्यावी.

या उपचाराचं नाव कायरोप्रॅक्टिक. तो सुरू केला डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या माणसाने. आपल्या मराठीत ‘पामर’ म्हणजे दीन, क्षुद्र. पण या पामरांना दीनपणा ठाऊक नव्हता. आपण जगातल्या बहुतेक रोगांचं मूळ शोधून काढलंय, असा त्यांचा ठाम दावा होता. त्यातलं किती खरं निघालं आणि किती नाही, हे समजून घेतलं तर पाठ दाखवायला कुठे जावं आणि जाऊन काय अपेक्षा ठेवावी, हेही आपोआप कळतं.

मास्तर, मधमाश्या आणि किराणा

पामर यांचा जन्म ७ मार्च १८४५ रोजी कॅनडात, टोरांटोजवळच्या ग्रामीण भागात झाला. १८६५ मध्ये, विशीत असताना, भावाला सोबत घेऊन ते कामाच्या शोधात अमेरिकेत आले. खिशात फारसे पैसे नव्हते. आयोवा आणि इलिनॉय या राज्यांत त्यांनी खेड्यांतल्या शाळांवर मास्तरकी केली.

पुढे मिसिसिपी नदीकाठच्या न्यू बोस्टन गावाजवळ त्यांनी थोडी जमीन घेतली. रास्पबेरीची रोपं तयार करून विकली आणि मधमाश्या पाळल्या. मधाचा धंदा चांगला चालला होता. पण एका कडक हिवाळ्यात माश्या मेल्या आणि बसलेली घडी विस्कटली. अवकाळीने एका रात्रीत बाग गेलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग पामर आयोवातल्या एका छोट्या गावात गेले आणि किराणा दुकान टाकलं. दुकानात ते शोभेचे गोल्डफिशही विकायचे. त्याच गावात १८८२ मध्ये मुलगा झाला, बार्टलेट जोशुआ. पुढे तो बी. जे. या नावाने बापाइतकाच, किंबहुना जास्तच गाजला. मुलगा लहान असतानाच त्याची आई वारली.

हात फिरवून उपचार

त्या काळी अमेरिकेत ‘मॅग्नेटिक हीलिंग’चं मोठं प्रस्थ होतं. अंगातली चुंबकीय शक्ती हातातून रोग्याच्या शरीरात सोडायची आणि रोग घालवायचा, अशी ती कल्पना. अशी काही शक्ती असते याला आधार नाही. पण तेव्हाची डॉक्टरकीही काही फार वेगळी नव्हती. पाऱ्याची औषधं दिली जात, अफूचे अर्क सर्रास वापरले जात. औषधाने माणूस बरा होण्याऐवजी खंगायचा. त्यामुळे नुसता हात फिरवणाऱ्याकडे लोक आनंदाने जात.

पामर यांनीही १८८६ च्या सुमारास हे काम धरलं आणि पुढच्या वर्षी डॅव्हनपोर्ट शहरात दवाखाना थाटला. पण नुसता हात फिरवून त्यांचं समाधान होईना. एकाच घरात राहणारे, एकाच ताटात जेवणारे दोघे, मग आजारी एकच का पडतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत असे. प्रश्न रास्तच होता.

हार्वे लिलार्डची पाठ

पामर यांचा दवाखाना होता त्याच इमारतीत हार्वे लिलार्ड नावाचा कृष्णवर्णीय सफाई कामगार होता. त्याला सतरा वर्षांपासून ऐकू कमी येत होतं. अवघडलेल्या अवस्थेत वाकून जोर लावताना पाठीत काहीतरी सटकलं आणि तेव्हापासून कान गेले, असं त्याने पामर यांना सांगितल्याची नोंद आहे.

पामर यांनी पाठ तपासली. एक मणका वर आल्यासारखा त्यांच्या हाताला लागला. त्यांनी त्यावर हाताने दाब देऊन तो बसवला. त्यानंतर लिलार्डला ऐकू येऊ लागलं, असा पामर यांचा दावा. ही तारीख १८ सप्टेंबर १८९५ मानली जाते आणि जगभरचे कायरोप्रॅक्टर ती आपला स्थापनादिन म्हणून पाळतात.

आता एक साधी गोष्ट बघा. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यांतून तिचा रस्ताच नाही. त्यामुळे पाठीतला मणका बसवून बहिरेपण कसं गेलं, याचं पटणारं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकतही वेगळीच होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे लिलार्ड कुणाला तरी विनोद सांगत होता, तो ऐकून पामर यांनी हसत त्याच्या पाठीवर पुस्तकाची थाप मारली आणि काही दिवसांनी त्याला ऐकण्यात फरक जाणवला.

काही असो, पामर यांना मात्र किल्ली सापडल्यासारखं झालं. हृदयाचा त्रास असलेल्या एका रोग्याच्या पाठीतही त्यांना सरकलेला मणका जाणवला. तो बसवल्यावर त्यालाही आराम पडल्याचं त्यांनी नोंदवलं. मग त्यांनी सिद्धांतच मांडला: शंभरातले पंच्याण्णव रोग मणके सरकून नसा दबल्याने होतात, उरलेले पाच इतर सांध्यांमुळे. ग्रीक भाषेतल्या ‘हात’ आणि ‘करणे’ या अर्थाच्या शब्दांवरून ‘कायरोप्रॅक्टिक’ हे नाव त्यांना एका पाद्री मित्राने सुचवलं. म्हणजे सरळ मराठीत हस्तक्रिया.

आपल्याकडचे पायाळू आणि हाडवैद्य

हाताने सांधा बसवणं ही पामर यांच्याआधीचीच विद्या. युरोपात हाडं बसवणारी घराणी होती. आपल्याकडे हाडवैद्य होते आणि आजही आहेत. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून त्याचा पाय पाठीला लावून घेणं आपल्या खेड्यांत कुणाला नवीन नाही. पामर यांनीही मणके बसवणारे आपण पहिलेच, असं म्हटलं नाही. मणक्याच्या मागे आणि बाजूला आलेल्या हाडाच्या टोकांचा तरफेसारखा वापर करणारे आपण पहिले, एवढाच त्यांचा दावा होता.

फरक एवढाच की आपला पायाळू फक्त उसणीपुरतं बोलतो. पामर यांनी त्या झटक्याला साऱ्या रोगांचं औषध ठरवलं. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

शाळा, तुरुंग आणि बापलेकाची तेढ

१८९७ मध्ये पामर यांनी डॅव्हनपोर्टमध्ये शिकवायला सुरुवात केली. पहिली काही वर्षं विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतकेच होते. १९०२ मध्ये मुलगा बी. जे. तिथूनच शिकून बाहेर पडला.

डॉक्टरांच्या संघटनांना हे मान्य नव्हतं. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल पामर दोषी ठरले. ३५० डॉलर दंड किंवा १०५ दिवस तुरुंग, अशी शिक्षा झाली. साठी ओलांडलेल्या पामर यांनी तत्त्वाचा प्रश्न म्हणून तुरुंग निवडला. पण काही दिवसांनी दंड भरून ते बाहेर आले.

बाहेर आल्यावर शाळा मुलाच्या ताब्यात गेली. बापलेकाचं आधीपासूनच पटत नव्हतं. लहानपणी बापाने पट्ट्याने मारल्याचं बी. जे.ने पुढे लिहून ठेवलं आहे. म्हातारे पामर ओक्लाहोमात गेले आणि पुन्हा एकदा किराणा दुकानात बसले. पण मन रमेना. तिथे, मग ओरेगॉनमध्ये त्यांनी नव्या शाळा काढून बघितल्या. १९१० मध्ये त्यांनी सुमारे हजार पानांचा ग्रंथ काढला. त्यात सिद्धांत आहे आणि विरोधकांवर, मुलावरही, झोड आहे.

१९१३ च्या ऑगस्टमध्ये डॅव्हनपोर्टच्या शाळेत मोठा मेळावा होता. मिरवणुकीत बी. जे.च्या मोटारीचा धक्का वडिलांना बसला, असा आरोप झाला. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, पण गुन्हा सिद्ध झाला नाही. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमध्ये पामर वारले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण होतं विषमज्वर, म्हणजे टायफॉईड. टायफॉईड जंतूंमुळे होतो, मणका सरकल्याने नाही. सिद्धांताला याहून कडू उत्तर कोणतं असणार?

योगायोग असा की त्याच १९१३ साली कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टिकला मान्यता देणारा अमेरिकेतला पहिला कायदा केला. शेवटचं राज्य लुईझियाना, १९७४ मध्ये.

मग आज त्यातलं काय उरलं?

सगळे रोग मणक्यातून येतात, हा भाग टिकला नाही. दमा, मधुमेह, बहिरेपण किंवा बीपी मणका वाजवून बरं होतं, याला भक्कम पुरावा नाही. तसं कुणी सांगत असेल तर तिथून उठावं. चालू गोळ्या तर अजिबात बंद करू नयेत.

कंबरदुखीबाबत मात्र पामर यांच्या हाताला काहीतरी खरं लागलं होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ मध्ये साध्या कंबरदुखीसाठी औषधाविना उपचार सुचवले. त्यात शेक, मसाज यांच्यासोबत मणक्यांवरचा हस्तोपचारही आहे. फायदा माफक आहे, चमत्कार नाही. नवी कंबरदुखी बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपही कमी होते, हे विसरू नका.

गेलात तर काय होईल?

चांगला उपचारक लगेच पाठीला हात घालत नाही. आधी विचारतो: दुखणं कधीपासून, पडलात का, पायात मुंग्या येतात का, आधीचे आजार कोणते. मग वाकवून, पाय उचलायला लावून तपासतो. गरज असेल तरच एक्स-रे. त्यानंतर टेबलावर झोपवून नेमक्या जागी छोटा, वेगवान दाब देतो. आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तसाच. म्हणून आवाज मोठा तर गुण मोठा, असं काही नाही. नंतर एखादा दिवस अंग ठणकू शकतं.

मानेला झटका देताना जास्त जपावं लागतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन लकवा आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या दुर्मिळ आहेत, पण गंभीर आहेत. मानेला झटका नको, असं स्पष्ट सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आणि पुढच्या खुणा असतील तर कुणाकडेही पाठ वाजवायला न जाता आधी डॉक्टर गाठा:

– लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांमध्ये बधिरपणा येणं. यात एक दिवसही थांबू नये.
– पायातली ताकद कमी होणं.
– ताप, वजन घटणं, रात्री वाढणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी असा लपून येतो.
– पडल्यावर किंवा अपघातानंतरचं दुखणं.
– आधी कॅन्सर झालेला असणं, किंवा म्हातारपणी हाडं ठिसूळ झालेली असणं.

अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला अनेक वर्षं शिकून परवाना घ्यावा लागतो. भारतात या व्यवसायासाठी वेगळी परिषद नाही. त्यामुळे पाटीवर नाव काय आहे यापेक्षा त्या माणसाचं शिक्षण कुठलं, नोंदणी कुठली, हे आधी विचारा. फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात नोंदणी होते, त्यांच्याकडे व्यायामही शिकायला मिळतो. पाठीला खरा आधार तोच.

पामर यांचे हात कुशल असतील, त्यांचा प्रश्नही चांगला होता. चूक झाली ती एका उत्तरात सगळं जग बसवण्यात. पुढच्या वेळी तो ‘कट्कन’ आवाजाचा व्हिडिओ दिसला, की तो मधमाश्या पाळणारा माणूस आठवा. कंबरेपुरता त्याचा हात जरूर घ्या, पण बाकीचं शरीर त्याच्या हवाली करू नका.